पदावरच्या राष्ट्राध्यक्षाचा तपास कोणी करायचा? विशेष अभियोक्त्याच्या व्यवस्थेबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेत राष्ट्राध्यक्षावर गुन्ह्याचा संशय आला की एक बाजू विशेष अभियोक्ता नेमा म्हणते आणि तो नेमला की दुसरी बाजू त्याला हाकला म्हणते. सत्ता पालटली की दोन्ही बाजू आपापली वाक्यं बदलून घेतात. गेल्या पन्नास वर्षांत ही व्यवस्था कधी साध्या नियमावर चालली, कधी कायद्यावर, आणि आता पुन्हा नियमावर. या नेमणुकांवर जितका वाद होतो तितका त्या अभियोक्त्याला काढायचं कोणी आणि त्याचा अहवाल उघडायचा कोणी यावर होत नाही. माझ्या मते दुखणं तिथेच आहे, आणि खालची उत्तरं त्या मताने रंगलेली आहेत.

राष्ट्राध्यक्षाची चौकशी नेहमीच्या यंत्रणेने का करू नये?

केंद्रीय गुन्ह्यांचा तपास एफबीआय करते आणि खटले न्याय खात्याचे वकील चालवतात. दोघांच्या डोक्यावर ॲटर्नी जनरल असतो. आपल्याकडचा ॲटर्नी जनरल म्हणजे केंद्र सरकारचा कोर्टातला सर्वात मोठा वकील. तिकडचा मात्र मंत्री असतो आणि सगळं न्याय खातं चालवतो. त्याला राष्ट्राध्यक्ष नेमतो आणि मनात येईल त्या दिवशी घरी पाठवू शकतो. म्हणजे ज्याच्यावर संशय, त्याच्याच हाताखाली तपास. अधिकारी प्रामाणिक असले तरी "दोषी नाही" हा त्यांचा निष्कर्ष कोणाला पटत नाही, आणि "दोषी आहे" म्हणायला ते धजावतील याची खात्री कोणाला वाटत नाही.

आपल्याकडे गाजलेल्या खटल्यांत विशेष सरकारी वकील नेमतात, तसंच का हे?

नाही. आपला विशेष सरकारी वकील पोलिसांनी केलेला तपास कोर्टात मांडतो. अमेरिकेतला विशेष अभियोक्ता तपासही करतो, साक्षीदारांना ग्रँड ज्युरीपुढे, म्हणजे पुरावा पाहणाऱ्या नागरिकांच्या मंडळापुढे, बोलावतो, आरोप ठेवायचे की नाही ते ठरवतो आणि खटलाही चालवतो. एवढी ताकद एका माणसाच्या हाती असते, म्हणून त्याच्यावर लगाम कोणाचा हा प्रश्न इतका तापतो.

हे सगळं वॉटरगेटपासून सुरू झालं ना?

त्याच्याही आधी. १८७५ मध्ये राष्ट्राध्यक्ष ग्रँट यांच्या काळात दारूवरचा कर बुडवणाऱ्या टोळीचं प्रकरण निघालं. त्यासाठी जॉन हेंडरसन यांना खास नेमलं आणि तपास ग्रँट यांच्या खासगी सचिवापर्यंत पोचल्यावर ग्रँट यांनीच त्यांना काढलं. १९२४ मध्ये टीपॉट डोम या तेलसाठ्यांच्या घोटाळ्यात राष्ट्राध्यक्ष कूलिज यांनी जरा शहाणपणा दाखवला. त्यांनी दोन वकील नेमले, एक रिपब्लिकन आणि एक डेमोक्रॅट, आणि त्यांच्या नावांना सिनेटची मंजुरी घेतली. ते काम नीट झालं. या जुन्या उदाहरणाकडे सुधारकांचं फारसं लक्ष जात नाही याचं मला नवल वाटतं.

१९७३ च्या त्या शनिवारी रात्री नेमकं काय झालं?

१७ जून १९७२ ला वॉशिंग्टनच्या वॉटरगेट इमारतीत डेमोक्रॅटिक पक्षाच्या कार्यालयात घुसलेले लोक पकडले गेले आणि संशय रिपब्लिकन राष्ट्राध्यक्ष निक्सन यांच्या माणसांवर आला. मे १९७३ मध्ये ॲटर्नी जनरल इलियट रिचर्डसन यांनी हार्वर्डचे प्राध्यापक आर्चिबाल्ड कॉक्स यांना विशेष अभियोक्ता नेमलं. जुलैमध्ये सिनेट समितीपुढे उघड झालं की व्हाइट हाउसमधली संभाषणं टेपवर मुद्रित होतात. कॉक्स यांनी टेप मागितल्या. निक्सन यांनी तोडगा सुचवला, की टेप सिनेटर जॉन स्टेनिस ऐकतील आणि सारांश बरोबर आहे की नाही ते सांगतील. स्टेनिस सत्तरी ओलांडलेले होते आणि त्यांना कमी ऐकू यायचं. कॉक्स यांनी नकार दिला.

२० ऑक्टोबर १९७३, शनिवार. निक्सन यांनी रिचर्डसन यांना हुकूम दिला, कॉक्सना काढा. त्यांनी राजीनामा दिला. उपप्रमुख विल्यम रकल्सहाउस यांनीही नकार दिला आणि तेही गेले. तिसऱ्या क्रमांकावरचे रॉबर्ट बोर्क यांनी सही केली. एफबीआयने अभियोक्त्याच्या कार्यालयाचा ताबा घेतला. पुढचे दिवस तारांचा पाऊस पडला आणि प्रतिनिधिगृहात महाभियोगाचे ठराव आले.

पुढच्या महिन्यात एका जिल्हा न्यायाधीशाने ही बडतर्फी बेकायदा ठरवली, कारण कॉक्स यांना फक्त गंभीर गैरवर्तनासाठी काढता येईल असा नियम न्याय खात्यानेच केला होता. पण तोवर कॉक्स यांच्या जागी टेक्सासचे लिऑन जॉवर्स्की आले होते. त्यांच्या नेमणुकीत एक नवी अट होती. काँग्रेसमधल्या, म्हणजे अमेरिकी संसदेतल्या, दोन्ही पक्षांच्या आठ ठरावीक नेत्यांची सहमती असल्याशिवाय राष्ट्राध्यक्ष त्यांना काढणार नाहीत. एवढ्या एका अटीमुळे जॉवर्स्की टिकले. २४ जुलै १९७४ ला सर्वोच्च न्यायालयाने ८ विरुद्ध ० मतांनी टेप देण्याचा आदेश दिला. निकाल लिहिणारे सरन्यायाधीश बर्गर निक्सन यांनीच नेमलेले होते. ९ ऑगस्टला निक्सन पायउतार झाले.

मला इथे एक गोष्ट अधोरेखित करावीशी वाटते. कॉक्स आणि जॉवर्स्की दोघांचीही नेमणूक निक्सन यांच्याच न्याय खात्याने केली होती. फरक पडला तो काढण्याच्या अटीने.

मग १९७८ चा कायदा कशासाठी?

एका रात्रीच्या अनुभवाने घाबरलेल्या काँग्रेसला हे पुन्हा कोणाच्या मर्जीवर सोडायचं नव्हतं. ऑक्टोबर १९७८ मध्ये राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी शासकीय नीतिमत्तेच्या कायद्यावर सही केली. राष्ट्राध्यक्ष, उपराष्ट्राध्यक्ष, मंत्री आणि वरिष्ठ अधिकाऱ्यांबद्दल विश्वसनीय माहिती आली की ॲटर्नी जनरलने ठरावीक मुदतीत, साधारण ९० दिवसांत, प्राथमिक चौकशी करायची. पुढे तपास हवा असं वाटलं तर तीन न्यायाधीशांच्या खास मंडळाला कळवायचं. त्या मंडळाने अभियोक्ता निवडायचा आणि तपासाची कक्षाही ठरवायची. त्याला काढणं फक्त ॲटर्नी जनरलच्या हाती, तेही ठोस कारणासाठी आणि कोर्टात आव्हान देता येईल अशा रीतीने. तपासाचा पैसा आणि मुदत यांवर बंधन नव्हतं.

या कायद्याखालचं पहिलंच प्रकरण ऐकून हसू येतं. कार्टर यांचे सहकारी हॅमिल्टन जॉर्डन यांनी न्यूयॉर्कच्या एका नाइट क्लबमध्ये कोकेन घेतल्याचा आरोप होता. विशेष अभियोक्ता नेमला, तपास झाला, आरोप ठेवला गेला नाही. राष्ट्राध्यक्षाच्या सत्तेच्या गैरवापरासाठी उभारलेली यंत्रणा पहिल्याच फेरीत एका पार्टीच्या चौकशीला लागली, यात पुढच्या वीस वर्षांची चाहूल होती.

असा कायदा राज्यघटनेत बसतो का?

१९८८ मध्ये मॉरिसन विरुद्ध ओल्सन या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ७ विरुद्ध १ मतांनी बसतो असं सांगितलं. एकट्या न्यायमूर्ती ॲन्टोनिन स्कालिया यांचं मत वेगळं होतं. त्यांचं म्हणणं असं, की खटला भरणं हे कार्यकारी सत्तेचं काम आहे आणि ती सगळी सत्ता घटनेने राष्ट्राध्यक्षाला दिली आहे, तेव्हा तिचा एक तुकडा तोडून स्वतंत्र माणसाला देता येत नाही. शिवाय अमुक गुन्ह्याचा तपास करण्याऐवजी अमुक माणसाच्या मागे लागायला एका वकिलाला बसवलं की तो काही ना काही शोधतोच.

तेव्हा त्यांना एकटं पाडलं गेलं. दहा वर्षांनी त्यांच्या त्या मताची पानं डेमोक्रॅट मंडळी मोठ्या आवडीने वाचून दाखवत होती. आज सर्वोच्च न्यायालयाचा कल उघड स्कालिया यांच्या बाजूचा आहे आणि २०२० च्या सैला लॉ निकालाने मॉरिसनची व्याप्ती आवळली. १९७८ चा कायदा जसाच्या तसा परत आणला तर तो आजच्या न्यायालयात टिकेल असं मला वाटत नाही.

तो कायदा १९९९ मध्ये कोणी वाचवला का नाही?

कारण तोवर दोन्ही पक्षांची बोटं भाजून झाली होती.

आधी रिपब्लिकनांची. इराणला चोरून शस्त्रं विकून तो पैसा निकाराग्वातल्या बंडखोरांना दिल्याच्या इराण-काँट्रा प्रकरणात विशेष अभियोक्ता लॉरेन्स वॉल्श यांनी १९८६ पासून सहा वर्षांहून जास्त काळ तपास केला. रेगन सरकारातले अधिकारी ऑलिव्हर नॉर्थ आणि जॉन पॉइंडेक्स्टर यांना झालेली शिक्षा अपिलात टिकली नाही, कारण काँग्रेसने टीव्हीवर साक्षी घेण्याच्या घाईत, त्या साक्षी तुमच्याविरुद्ध वापरणार नाही, असं संरक्षण त्यांना देऊन टाकलं होतं. म्हणजे अभियोक्त्याच्या पायात काँग्रेसनेच पाय घातला. १९९२ च्या निवडणुकीला काही दिवस उरले असताना माजी संरक्षणमंत्री कॅस्पर वाइनबर्गर यांच्यावर नवं आरोपपत्र आलं. रिपब्लिकन खवळले. नाताळच्या आदल्या दिवशी थोरल्या बुश यांनी वाइनबर्गर यांच्यासह सहा जणांना माफी देऊन टाकली. कायद्याची मुदत त्याच महिन्यात संपली होती आणि ती कोणी वाढवली नाही.

१९९४ मध्ये क्लिंटन यांनी स्वतःच्या सहीने तो कायदा पुन्हा जिवंत केला आणि पुढे त्याचे चटके खाल्ले. त्यांच्या कृषिमंत्र्यांवर, माइक एस्पी यांच्यावर, भेटी स्वीकारल्याच्या ३० आरोपांवर खटला चालला. चार वर्षं तपास चालला आणि ज्युरीने सगळ्या आरोपांतून त्यांना सोडलं. गृहनिर्माणमंत्री हेन्री सिस्नेरोस एफबीआयशी खोटं बोलले, तेही एका स्त्रीला दिलेल्या पैशांबद्दल. १९९९ मध्ये त्यांनी किरकोळ गुन्हा कबूल केला आणि दहा हजार डॉलर दंड भरला. २००१ मध्ये त्यांना माफी मिळाली. त्यांच्या मागे लागलेल्या अभियोक्त्याचं कार्यालय मात्र २००६ पर्यंत उघडं होतं आणि त्यावर दोन कोटी डॉलरहून जास्त खर्च झाला.

आणि मग केनेथ स्टार.

स्टार यांना नेमलं होतं कशासाठी, आणि ते पोचले कुठे?

नेमलं होतं क्लिंटन यांच्या अरकन्सासमधल्या जमिनीच्या व्यवहारासाठी, ज्याला व्हाइटवॉटर म्हणतात. जानेवारी १९९४ मध्ये कायदा अस्तित्वात नसताना ॲटर्नी जनरल जॅनेट रीनो यांनी रॉबर्ट फिस्क यांना नेमलं. फिस्क रिपब्लिकन होते आणि काम सपाट्याने चाललं होतं. कायदा परत आल्यावर ऑगस्टमध्ये तीन न्यायाधीशांच्या मंडळाने त्यांना पुन्हा नेमायला नकार दिला, कारण क्लिंटन यांच्याच ॲटर्नी जनरलने नेमलेला माणूस स्वतंत्र दिसणार नाही. आणि स्टार यांना आणलं, जे आदल्या रिपब्लिकन सरकारात सॉलिसिटर जनरल होते. स्वातंत्र्य दिसावं म्हणून केलेला बदल निम्म्या देशाला सूडबुद्धी वाटला.

व्हाइटवॉटरमध्ये स्टार रिकाम्या हाताने परतले नाहीत. १९९६ मध्ये त्या व्यवहारातले क्लिंटन यांचे भागीदार मॅकडूगल पतिपत्नी आणि अरकन्सासचे गव्हर्नर जिम गाय टकर दोषी ठरले. पण क्लिंटन यांच्याविरुद्ध काही हाती लागत नव्हतं. दरम्यान व्हाइट हाउसच्या प्रवास कार्यालयातल्या बडतर्फ्या, एफबीआयच्या फाइली, असे विषय एकेक करून त्यांच्याकडे सोपवले गेले. जानेवारी १९९८ मध्ये मोनिका लेविन्स्की या तरुणीशी क्लिंटन यांच्या संबंधांचं प्रकरण जोडलं गेलं, ॲटर्नी जनरलच्या विनंतीवरून आणि न्यायाधीशांच्या मंजुरीने. हे विसरता कामा नये. स्टार यांनी कुंपण ओलांडलं असं म्हणतात, पण प्रत्येक वेळी दार कोणीतरी रीतसर उघडून दिलं होतं.

महाभियोगाला आधार ठरेल अशी माहिती प्रतिनिधिगृहाला द्यावी असं कायदाच सांगत होता. सप्टेंबर १९९८ मध्ये ४४५ पानी अहवाल आणि कागदपत्रांची ३६ खोकी काँग्रेसच्या दारात पोचली. दोनच दिवसांत अहवाल इंटरनेटवर होता, कोणीही खासगी तपशील गाळण्याची तसदी न घेता. १९ डिसेंबरला महाभियोग मंजूर झाला, १२ फेब्रुवारी १९९९ ला सिनेटने क्लिंटन यांना दोषमुक्त केलं. त्यानंतर एप्रिलमध्ये खुद्द स्टार सिनेट समितीपुढे गेले आणि हा कायदा वाढवू नका असं सांगून आले. ३० जून १९९९ ला तो संपला. रडायला कोणी नव्हतं.

सध्या कोणते नियम लागू आहेत?

रीनो यांच्या न्याय खात्याने १९९९ मध्येच केलेले. ॲटर्नी जनरल सरकारबाहेरचा वकील नेमतो. तोच कक्षा ठरवतो. अभियोक्ता खात्याच्या धोरणांना बांधील असतो. त्याला ॲटर्नी जनरलनेच, गैरवर्तन किंवा हितसंबंधांचा संघर्ष अशा ठोस कारणासाठी, लेखी काढायचं. शेवटी गोपनीय अहवाल ॲटर्नी जनरलला द्यायचा. अभियोक्त्याचं एखादं पाऊल ॲटर्नी जनरलने अडवलं असेल तर काम संपल्यावर ते काँग्रेसला कळवायचं.

हा नियम आहे, कायदा नाही. एक ॲटर्नी जनरल सही करून तो रद्द करू शकतो. शिवाय तो पूर्ण पाळलाही जात नाही. राष्ट्राध्यक्ष बायडेन यांचे पुत्र हंटर यांच्या प्रकरणात नेमलेले डेव्हिड वाइस तेव्हा सरकारी वकीलच होते, म्हणजे "सरकारबाहेरचा" ही अट नेमणुकीच्या आदेशात बाजूला ठेवली होती.

म्युलर यांना तर कोणी काढलं नाही. मग नियम पुरेसे आहेत असंच ना?

ते टिकले, पण नियमामुळे टिकले असं म्हणवत नाही. मे २०१७ मध्ये ट्रम्प यांनी एफबीआय प्रमुख जेम्स कोमी यांना काढलं. ॲटर्नी जनरल सेशन्स २०१६ च्या निवडणुकीतल्या रशियन हस्तक्षेपाच्या तपासातून आधीच बाजूला झाले होते, म्हणून उपप्रमुख रॉड रोझेनस्टाइन यांनी १७ मे रोजी रॉबर्ट म्युलर यांना नेमलं. महिन्याभरात ट्रम्प यांनी व्हाइट हाउसचे वकील डॉन मॅकगॅन यांना म्युलरना हटवण्याची व्यवस्था करायला सांगितलं, असं म्युलर यांच्या अहवालातच नोंदलं आहे. मॅकगॅन यांनी ते केलं नाही. तपास टिकला तो एका वकिलाने हुकमाकडे कानाडोळा केला म्हणून. १९७३ मध्ये रिचर्डसन यांनी राजीनामा दिला, पण बोर्क होते. २०१७ मध्ये मॅकगॅन यांच्यानंतर कोणी बोर्क शोधला गेला नाही, एवढंच.

एप्रिल २०१८ मध्ये सिनेटच्या न्यायविषयक समितीने १४ विरुद्ध ७ मतांनी एक विधेयक मंजूर केलं. दोन्ही पक्षांच्या चार सिनेटरांनी ते मिळून बनवलं होतं. काढलेल्या अभियोक्त्याला दहा दिवसांत कोर्टाकडे दाद मागता येईल आणि तोवर कागदपत्रं सांभाळून ठेवावी लागतील, एवढंच त्यात होतं. बहुमताचे नेते मिच मॅकॉनेल यांनी ते सभागृहात येऊच दिलं नाही.

पदावर असताना राष्ट्राध्यक्षावर आरोपपत्र का ठेवता येत नाही?

घटनेत तसं कुठे लिहिलेलं नाही. १९७३ आणि २००० मध्ये न्याय खात्याच्या कायदेविषयक कार्यालयाने दिलेली दोन मतं आहेत, की खटल्यामुळे राष्ट्राध्यक्षाचं काम ठप्प होईल, म्हणून पदावर असताना आरोप ठेवू नये. विशेष अभियोक्ता खात्याच्या धोरणाला बांधील, म्हणून म्युलरही बांधील. त्यांनी न्यायात अडथळा आणण्याच्या दहा प्रसंगांचं विश्लेषण केलं, पण गुन्हा घडला की नाही यावर मत देणं टाळलं. ज्याला कोर्टात स्वतःची बाजू मांडायची संधी नाही त्याच्यावर ठपका ठेवणं अन्यायाचं, असा त्यांचा तर्क.

तर्क सभ्य आहे, परिणाम विचित्र. बहुतेक केंद्रीय गुन्ह्यांत पाच वर्षांत खटला भरावा लागतो. राष्ट्राध्यक्ष दोनदा निवडून आला तर आठ वर्षं पदावर राहतो. म्हणजे कारकिर्दीच्या सुरुवातीला केलेला गुन्हा मुदतीत विरघळतो. यावर उपाय सोपा आहे, पदावरचा काळ मुदतीतून वगळा. डिसेंबर २०२१ मध्ये प्रतिनिधिगृहाने मंजूर केलेल्या एका मोठ्या विधेयकात हे कलम होतं. सिनेटने ते घेतलं नाही.

२०२४ च्या निकालाने काय बदललं?

बरंच. १ जुलै २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने ६ विरुद्ध ३ मतांनी सांगितलं की राष्ट्राध्यक्षाच्या गाभ्याच्या अधिकारांतल्या कृतींना फौजदारी कारवाईपासून पूर्ण संरक्षण आहे आणि इतर शासकीय कृतींना किमान गृहीत धरण्याइतकं. न्याय खात्याशी राष्ट्राध्यक्ष काय बोलतो ते या गाभ्यात येतं. म्हणजे निक्सन यांनी रिचर्डसन यांना दिलेला हुकूम आज गुन्ह्याचा पुरावा म्हणून वापरणंसुद्धा अवघड. त्याच महिन्यात फ्लोरिडातल्या न्यायाधीश आयलीन कॅनन यांनी ट्रम्प यांच्यावर खटले भरणारे विशेष अभियोक्ता जॅक स्मिथ यांची नेमणूकच घटनाबाह्य ठरवली, जरी २०१९ मध्ये वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयाने म्युलर यांची तशीच नेमणूक वैध मानली होती. नोव्हेंबरमध्ये ट्रम्प निवडून आले आणि स्मिथ यांनी स्वतःच खटले काढून घेण्याची विनंती केली.

यातून सुधारणेसाठी एक धडा निघतो. शिक्षेचा मार्ग अरुंद झाला असेल तर अहवालाचं वजन वाढतं.

मग अहवाल लोकांपर्यंत पोचवण्याचा नियम काय?

नियम असा की तो ॲटर्नी जनरलच्या हाती. स्टार यांच्या अहवालाने बसलेल्या धक्क्यानंतर लंबक पार दुसऱ्या टोकाला गेला. २२ मार्च २०१९ ला म्युलर यांनी अहवाल दिला. २४ मार्चला ॲटर्नी जनरल बार यांनी चार पानांचं पत्र काढलं. ४४८ पानांचा अहवाल, काही मजकूर काळा करून, १८ एप्रिलला आला. मधले साडेतीन आठवडे देशाने ते चार पानी पत्रच अहवाल समजून चघळलं आणि मत बनवून टाकलं. संशयिताने नेमलेल्या माणसाने सारांश सांगायचा, ही स्टेनिस तोडग्याचीच सुधारून वाढवलेली आवृत्ती.

उलट बाजूही आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये रॉबर्ट हर यांनी बायडेन यांच्याकडच्या गोपनीय कागदपत्रांवरचा अहवाल दिला. आरोप ठेवणार नाही असं सांगताना त्यांनी ज्युरीला बायडेन स्मरणशक्ती कमी झालेला वयस्कर माणूस वाटतील असं लिहिलं. ॲटर्नी जनरल गारलंड यांनी अहवाल जसाच्या तसा प्रसिद्ध केला. तो अभियोक्त्याच्या कामाचा भाग होता की शेरा, यावर आजही भांडणं होतात.

तुमच्या मते सुधारणा नेमकी कोणती हवी?

नेमणूक ॲटर्नी जनरलकडेच राहू द्यावी. न्यायाधीशांनी नेमल्याने काय होतं ते फिस्क यांच्या गच्छंतीत दिसलं, शिवाय आजचं न्यायालय ते चालू देणार नाही. फार तर कूलिज यांच्यासारखी सिनेटची मंजुरी घ्यावी.

काढण्याची अट कायद्यात हवी, नियमात नको. कारण लेखी, काँग्रेसला लगेच कळवलेलं, आणि कोर्टात तपासता येणारं. २०१८ च्या विधेयकात हे सगळं तयार पडलं आहे.

कक्षा लेखी आणि विषयापुरती. नवा विषय आला तर तो आपोआप त्याच माणसाकडे जाऊ नये. नव्या प्रकरणाला नवा माणूस, असा दंडक असता तर १९९८ चं वर्ष वेगळं गेलं असतं.

अहवाल अभियोक्त्यानेच दोन भागांत लिहावा, एक प्रसिद्ध करण्याजोगा, दुसरा गोपनीय. पहिला भाग ठरलेल्या दिवसांत बाहेर आलाच पाहिजे, ॲटर्नी जनरलने त्यावर प्रस्तावना लिहिण्याआधी. पहिल्या भागात वस्तुस्थिती आणि कायदा. माणसाच्या स्वभावाची, वयाची, खासगी आयुष्याची वर्णनं नकोत. आणि मुदतीच्या कायद्यात वर सांगितलेला बदल.

खर्चाची ओरड मात्र मला फारशी पटत नाही. म्युलर यांच्या तपासाला सुमारे ३ कोटी २० लाख डॉलर लागले. वर्षाचा हिशेब द्यायला लावा, पण पैशाचा नळ सरकारच्या हाती देऊ नका.

सरळ तीन महिन्यांची मुदत घातली तर?

दक्षिण कोरियाने घातली होती. २०१६ मध्ये राष्ट्राध्यक्ष पाक गुन-हे यांच्या मैत्रिणीच्या प्रकरणासाठी खास कायदा झाला. विरोधी पक्षांनी दोन नावं सुचवायची, त्यांतलं एक राष्ट्राध्यक्षांनी निवडायचं. ही युक्ती मला फार आवडते. मुदत ७० दिवस, शिवाय ३० दिवसांची वाढ. विशेष अभियोक्ता पाक यंग-सू यांच्या चमूने त्या ७० दिवसांत सॅमसंगच्या वारसदारापर्यंत हात पोचवला. पण वाढ द्यायची की नाही हे राष्ट्राध्यक्षाच्या हाती ठेवलं होतं. त्या वेळी राष्ट्राध्यक्ष पाक यांचे अधिकार निलंबित होते आणि त्यांच्याच पंतप्रधानांकडे कार्यभार होता. त्यांनी फेब्रुवारी २०१७ च्या शेवटी वाढ नाकारली आणि उरलेला तपास नेहमीच्या सरकारी वकिलांकडे गेला. पाक पदावरून गेल्या आणि पकडल्या गेल्या ते त्यानंतर. मुदत असावी, पण ती वाढवणारा संशयिताच्या घरचा नसावा.

पंतप्रधान असलेल्या देशांत काय?

इस्रायलमध्ये पदावरच्या पंतप्रधानावर खटला चालतो. नेतान्याहू यांच्यावर नोव्हेंबर २०१९ मध्ये ॲटर्नी जनरल मँडेलब्लिट यांनी आरोप ठेवले, मे २०२० मध्ये सुनावणी सुरू झाली, आणि पंतप्रधान कोर्टात हजेरी लावून परत कामाला जात राहिले. विशेष अभियोक्ता तिथे नाही. तिथला ॲटर्नी जनरल मंत्री नसून अधिकारी असतो, म्हणून हे जमलं. त्याचं पद दोन तुकड्यांत वाटावं अशा सूचना तिथे सतत येतात, त्या का येतात हे वेगळं सांगायला नको.

आणि भारतात, महाराष्ट्रात?

आपला जुना धडा अंतुले यांच्या प्रकरणाचा. सिमेंटच्या वाटपाच्या बदल्यात प्रतिष्ठानांना देणग्या घेतल्याच्या प्रकरणात जानेवारी १९८२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने प्रतिकूल निकाल दिला आणि बॅरिस्टर अंतुले यांनी मुख्यमंत्रिपद सोडलं. तपास यंत्रणेने नव्हे, तर भाजपचे रामदास नायक यांनी खासगी फिर्याद घेऊन हे प्रकरण लढवलं. १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशी खासगी फिर्याद चालते आणि ते पद सोडलं असेल तर खटल्याला पूर्वपरवानगी लागत नाही असं सांगितलं. पण लवकर निकाल लागावा म्हणून खटला उच्च न्यायालयाकडे पाठवण्याचा त्याच वेळचा आदेश १९८८ मध्ये सात न्यायमूर्तींच्या पीठाने मागे घेतला. इतकी वर्षं गेली ती परवानगी कोणाची आणि कोर्ट कोणतं, यात.

२०१३ च्या लोकपाल कायद्यात पंतप्रधान येतात, पण आंतरराष्ट्रीय संबंध, सुरक्षा, सार्वजनिक सुव्यवस्था, अणुऊर्जा आणि अवकाश हे विषय वगळून. बाकी तक्रारींवरही पूर्ण पीठाने विचार करायचा, दोन-तृतीयांश सदस्यांची मान्यता हवी, आणि चौकशी बंद दाराआड. तक्रार फेटाळली गेली तर कागदपत्रं प्रसिद्ध करायची नाहीत. पहिला लोकपाल नेमायला २०१९ उजाडलं.

महाराष्ट्राने १९७१ मध्येच लोकायुक्तांचा कायदा केला होता. अण्णा हजारे यांच्या पाठपुराव्यानंतर नवं विधेयक आलं, डिसेंबर २०२२ मध्ये विधानसभेने ते मंजूर केलं आणि त्यात मुख्यमंत्रीही आले. पण मुख्यमंत्र्यांची चौकशी सुरू करण्याआधी विधानसभेच्या एकूण सदस्यांपैकी किमान दोन-तृतीयांशांची संमती हवी. २८८ च्या सभागृहात १९२ मतं. ज्याच्याकडे बहुमत आहे म्हणून तो मुख्यमंत्री आहे, त्याच्या चौकशीला त्याच बहुमताची परवानगी.